झेलायचं की चुकवायचं?

अवकाशयानांच्या लढाईचा गेम सुरू केला की बऱ्याचदा आधी दुकानच उघडतं. हे शील्ड घ्या, ते चिलखत चढवा, हे इंजिन बसवा! आपल्याला वाटतं, सगळंच घेऊन टाकावं. पण गेम बनवणारे भारी बेरकी असतात. एका हातानं देतात आणि दुसऱ्या हातानं गुपचूप काहीतरी काढून घेतात.

सुरुवातीला ही भानगडच नव्हती. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी 'स्पेसवॉर!' हा गेम तयार केला. पीडीपी-१ नावाचा कॉम्प्युटर, गोल पडदा, त्यावर दोन यानं आणि मधोमध दोघांनाही आपल्याकडे ओढणारा एक तारा. ना शील्ड, ना चिलखत. एक टॉर्पेडो लागला की खेळ खलास! अगदीच गळ्याशी आलं तर 'हायपरस्पेस'. यान गडप व्हायचं आणि भलतीकडेच उगवायचं. मात्र उगवताना फुटायचीही भीती. 'ॲस्टेरॉइड्स' या गेममध्येही पुढे तसंच बटण आलं. १९८१ च्या 'ॲस्टेरॉइड्स डिलक्स'मध्ये त्याच्या जागी शील्ड आलं, पण तेही वापरलं की संपत जाणारं.

आता शील्ड आणि चिलखत यांत फरक काय? बहुतेक गेममध्ये शील्ड म्हणजे यानाभोवतीचं ऊर्जेचं कवच. मार बसला की विरतं, जरा उसंत मिळाली की आपोआप भरून येतं. चिलखत म्हणजे अंगावरचा जाड पत्रा. त्याला पोचा आला की दुरुस्ती होईपर्यंत तो तसाच.

'ईव्ह ऑनलाइन' हा आइसलंडच्या सीसीपी कंपनीचा २००३ चा गेम. त्यात जास्तीचे पत्रे ठोकले की यानाचं वस्तुमान वाढतं. मग वेग घ्यायलाही वेळ, वळायलाही वेळ. (गच्च भरलेलं दप्तर पाठीवर घेऊन पळता पळता वळून बघा. मैदानात हं, जिन्यात नको!) बरं, पत्रे नकोत, शील्डच मोठं करू म्हणाल, तर शत्रूच्या यंत्रांना तुमचं यानच मोठं दिसायला लागतं. म्हणजे नेम धरणं आणखी सोपं! ही शक्कल मला फार आवडते.

आता पेन्सिल घ्या. समजा, एका जाडजूड यानाला १०० गुणांचं चिलखत आहे. शत्रू दर सेकंदाला एक गोळा मारतो, एक गोळा लागला की १० गुण जातात. यान सुस्त, म्हणून १० पैकी ८ गोळे लागतात. सरासरी सेकंदाला ८ गुण गेले, तर यान साडेबारा सेकंद टिकतं. दुसऱ्या, चपळ यानाला चिलखत ५० च गुणांचं, पण १० पैकी ४ च गोळे लागतात. तेही बरोब्बर साडेबारा सेकंद टिकतं! फिट्टंफाट.

खरी गंमत पुढे आहे. जाडजूड यानानं ८ ऐवजी ७ च गोळे खाल्ले, तर त्याला दोन सेकंदही जास्त मिळत नाहीत. चपळ यानानं मात्र १० पैकी २ वर मजल मारली तर ते २५ सेकंद टिकतं, आणि तिथून आणखी एकच गोळा चुकवला की थेट ५०! सगळेच चुकवले तर यान अमरच. मग खेळायचं कशाला? म्हणून चुकवण्याला कुठेतरी लगाम घालावाच लागतो.

२०१२ च्या 'एफटीएल' या गेममध्ये तर शत्रूइतकीच आपल्या अणुभट्टीशीही झटापट चालते. वीज मोजकी. शील्डला दिली तर इंजिनाला कमी, इंजिनाला दिली तर तोफांना कमी. शील्डचा एक थर लेझरचा एक मारा अडवतो, मग तो मारा लहान असो की मोठा. म्हणजे एका दांडग्या लेझरपेक्षा भराभर सुटणारे बारके लेझर थर उतरवायला जास्त कामाचे. आणि क्षेपणास्त्र? ते शील्डला भीकच घालत नाही, सरळ आरपार. ते चुकवायचं तर इंजिनात वीज हवी. शिवाय सुरुवातीला सुकाणूवर कुणी नसेल, तर यान काहीच चुकवू शकत नाही!

खऱ्या अवकाशात लढाई नसली तरी मारा आहे, तिथे भिरभिरणाऱ्या तुकड्यांचा. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचं वजन ४०० टनांहून जास्त, वेग सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर. एवढ्या वेगात खडूएवढा तुकडासुद्धा घातकच. फ्रेड व्हिपल या खगोलशास्त्रज्ञानं १९४० च्या दशकातच एक युक्ती सुचवली होती. जाड भिंत नको. भिंतीपुढे थोडी जागा सोडून पातळ पत्रा लावा. कण पत्र्यावर आपटतो, त्याचाच चुरा होतो, तो चुरा मधल्या जागेत पसरतो आणि मागच्या भिंतीला एकाच ठिकाणी जोराचा दणका बसत नाही. वजनही वाचलं! साधारण एक सेंटिमीटरपर्यंतचे तुकडे स्थानकाची अशी ढाल झेलते. दहा सेंटिमीटरहून मोठे तुकडे रडारवर दिसतात. ते जवळून जाणार असं कळलं की इंजिनं चालवून अख्खं स्थानक थोडं सरकवतात. पंचाईत होते ती या दोन्हींच्या मधल्या तुकड्यांची. ढालीसाठी ते फार मोठे आणि रडारसाठी बहुतेक वेळा फार लहान.