टेबलच्या नावातील कॅपिटल-स्मॉल अक्षरे: गैरसमज आणि वस्तुस्थिती

देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसतात. रोमन लिपीत प्रत्येक अक्षराची दोन रूपे असतात आणि टेबलच्या नावात ती एकच धरायची की वेगळी, हे प्रत्येक डेटाबेस आपापल्या नियमाने ठरवतो. डेटा एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेताना, म्हणजे स्थलांतरात, अडचण येते ती इथेच.

गैरसमज : एसक्यूएलमध्ये कॅपिटल-स्मॉलने फरक पडत नाही.
वस्तुस्थिती : ‘सिलेक्ट’सारखे शब्द कसेही लिहिले तरी चालतात, टेबलच्या नावाचे तसे नाही. समजा, देहूजवळच्या तळवड्यातील एखाद्या कारखान्याचा मालसाठा विंडोजवरील मायएसक्यूएलमध्ये आहे. ‘स्टॉकएंट्री’ हे टेबल एस आणि ई कॅपिटल ठेवून तयार केले, तरी विंडोजवर ते मुळात सगळे स्मॉल होऊनच साठवले जाते. क्वेरीत कसेही लिहा, रिपोर्ट निघतो. तोच डेटा लिनक्सवर नेला, की टेबल स्मॉल नावाने तयार होते, प्रोग्राम कॅपिटल नावाने शोधतो आणि टेबल अस्तित्वात नसल्याची ११४६ क्रमांकाची एरर येते. डेटा मात्र जागेवरच असतो.

गैरसमज : सेटिंग नंतर कधीही बदलता येते.
वस्तुस्थिती : मायएसक्यूएलमध्ये टेबलच्या नावातील हा भेद ठरवणाऱ्या ‘लोअर_केस_टेबल_नेम्स’ या सेटिंगचे मूळ मूल्य लिनक्सवर ०, विंडोजवर १ आणि मॅकओएसवर २ असते. मायएसक्यूएल ८.० पासून ते सर्व्हर पहिल्यांदा उभा करतानाच ठरवावे लागते.

गैरसमज : नाव दुहेरी अवतरणचिन्हांत घातले की काळजी मिटली.
वस्तुस्थिती : अवतरणचिन्हांविना लिहिलेले नाव ऑरॅकल कॅपिटल करतो, पोस्टग्रेसएसक्यूएल स्मॉल करतो. अवतरणचिन्हांत ते जसेच्या तसे राहते. ऑरॅकलमधील कॅपिटल नाव अवतरणचिन्हांसह पोस्टग्रेसएसक्यूएलमध्ये उतरवले, तर पुढे प्रत्येक क्वेरीत ती चिन्हे द्यावी लागतात. नाही तर टेबल सापडत नाही.

गैरसमज : टेबलचा नियम कॉलमलाही लागू असतो.
वस्तुस्थिती : मायएसक्यूएलमध्ये कॉलमच्या नावात कॅपिटल-स्मॉलचा भेद कुठेच पाळला जात नाही. टेबलला क्वेरीपुरते दिलेले दुसरे नाव मात्र लिनक्सवर हा भेद पाळते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये टेबल आणि कॉलम दोन्हींचा निर्णय डेटाबेसच्या कोलेशनवर, म्हणजे अक्षरांच्या तुलनेच्या नियमांवर, अवलंबून असतो.

म्हणून स्थलांतराआधीच टेबलची सगळी नावे स्मॉल करावीत, शब्द अंडरस्कोअरने जोडावेत आणि प्रोग्राममधील प्रत्येक क्वेरी त्याच नावांनी दुरुस्त करावी. चाचणी नव्या सर्व्हरच्याच ऑपरेटिंग सिस्टिमवर घ्यावी; विंडोजवर ही चूक दिसतच नाही.