टायटॅनियम मिश्रधातूंमधील अचूक छिद्रण आणि श्राव्यातीत कंपने

प्रस्तावना :

दि. ६ जुलै १९९६ रोजी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातील पेन्साकोला विमानतळावर उड्डाणासाठी धावपट्टीवरून निघालेल्या एमडी-८८ विमानाच्या डाव्या इंजिनातील पंख्याचे टायटॅनियमचे हब फुटले. त्याचे तुकडे प्रवासी कक्षात शिरून दोन प्रवाशांचा मृत्यू झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत तड्याचा उगम हबमधील एका छिद्राच्या भिंतीत आढळला. छिद्र पाडताना तेथील धातू अतितप्त होऊन त्याची सूक्ष्मरचना बदलली होती व कठीण थर तयार झाला होता. छिद्राचे माप योग्य असणे आणि छिद्र निर्दोष असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या दुर्घटनेने दाखवून दिले. टायटॅनियमच्या छिद्रणासाठी सुचविल्या जाणाऱ्या श्राव्यातीत, म्हणजेच अल्ट्रासॉनिक, पद्धतींचा विचारही याच दृष्टीने करणे आवश्यक आहे.

अडचणीचे स्वरूप :

सुमारे ६ टक्के ॲल्युमिनियम व ४ टक्के व्हॅनेडियम असलेला टायटॅनियमचा मिश्रधातू विमान-उद्योगात सर्वाधिक वापरला जातो. त्याची उष्णतावाहकता प्रतिमीटर प्रतिकेल्व्हिन सुमारे ७ वॉट, तर साध्या पोलादाची सुमारे ५० वॉट आहे. त्यामुळे कर्तनात निर्माण झालेली उष्णता धातूत पसरून जात नाही. ती ड्रिलच्या टोकाशीच साचते. तापलेले टायटॅनियम रासायनिक दृष्ट्या क्रियाशील असल्याने चीप हत्याराला चिकटते. शिवाय त्याची ताठरता पोलादाच्या जवळपास निम्मी असल्याने छिद्राची भिंत किंचित मागे येऊन ड्रिलला आवळते. खोल छिद्रात ड्रिलच्या ज्या खाचांतून चीप बाहेर यावयाची, त्यांतच ती अडकली तर शीतक द्रव टोकापर्यंत पोहोचत नाही. खरा धोका येथे आहे.

एका नावाच्या दोन प्रक्रिया :

‘श्राव्यातीत यंत्रण’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या प्रक्रियांची गल्लत होते. मूळ प्रक्रियेत हत्यार फिरत नाही. ते सुमारे २० किलोहर्ट्झ कंप्रतेने कंप पावते आणि द्रवात मिसळलेले बोरॉन कार्बाइडसारखे अपघर्षक कण कामाच्या पृष्ठभागावर आदळविते. काच किंवा सिरॅमिकसारख्या ठिसूळ पदार्थांत यामुळे बारीक तडे जाऊन कण सुटतात. टायटॅनियम तन्य आहे. ते तडकण्याऐवजी दबते, कण त्यात रुतू शकतात आणि काम फार मंद चालते. कठीण पदार्थांसाठी ही पद्धत उत्तम, म्हणून टायटॅनियमसाठीही उत्तम, हा तर्क म्हणूनच टिकत नाही.

दुसऱ्या प्रक्रियेत नेहमीच्या फिरणाऱ्या ड्रिललाच अक्षाच्या दिशेने कंपने दिली जातात. येथे उद्दिष्ट धातू फोडण्याचे नसून कर्तन खंडित करण्याचे असते. १० मायक्रोमीटर परमप्रसर व २० किलोहर्ट्झ कंप्रता धरल्यास टोकाचा कमाल कंपनवेग सेकंदाला सुमारे १.२६ मीटर, म्हणजे मिनिटाला ७५ मीटर होतो. टायटॅनियमसाठी कर्तनवेग मिनिटाला २० मीटर धरला, तर कंपनवेग त्याच्या जवळपास चौपट भरतो. योग्य सरकवेग ठेवल्यास चीप तुटक निघते, रेटा घटतो आणि छिद्राच्या बाहेर पडण्याच्या कडेवरील बर कमी होण्याची शक्यता असते.

याच आकड्यांची दुसरी बाजू मात्र क्वचितच मांडली जाते. एका कंपनाच्या काळात कर्तनधार केवळ १७ मायक्रोमीटर पुढे सरकते. तेवढ्या अंतरात ती २० मायक्रोमीटर खाली-वर होत असल्याने धारेची मागील बाजू ताज्या पृष्ठभागावर आदळते व घासते. स्पेनमधील संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत याच मिश्रधातूचे छिद्रण कंपनांसह केले असता रेटा घटला, परंतु ड्रिलच्या टोकाचे तापमान वाढले. परमप्रसर जितका अधिक, तितके हे दोन्ही परिणाम अधिक दिसले. रेटा कमी म्हणजे उष्णता कमी, ही सर्वसाधारण समजूत येथे लागू पडत नाही.

उपकरण व तपासणी :

उपकरणाच्या बाजूने मुख्य अट अनुस्पंदनाची आहे. पोलादात २० किलोहर्ट्झला ध्वनीची तरंगलांबी सुमारे २५ सेंटिमीटर असते. हॉर्न व ड्रिल यांची लांबी तिच्याशी जुळवावी लागते. धार लावल्याने ड्रिल आखूड झाले की जुळणी बिघडते आणि जनित्राला कंप्रता पुन्हा साधावी लागते. लहान कार्यशाळेत हीच बाब अनेकदा दुर्लक्षित राहण्यासारखी आहे.

पेन्साकोलाच्या घटनेनंतर फिरत्या महत्त्वाच्या भागांतील छिद्रांसाठी, छिद्रण चालू असतानाच प्रक्रियेवर लक्ष ठेवण्यावर भर दिला जाऊ लागला. श्राव्यातीत छिद्रणात केवळ रेट्याचे मापन त्यासाठी अपुरे ठरते. नमुना-छिद्र उभे कापून भिंतीलगतच्या थराची सूक्ष्मरचना व सूक्ष्मकाठिण्य तपासणे, तसेच छिद्र प्रथम कमी मापाचे पाडून बाधित थर रीमरने काढून टाकणे, ही कामे कंपनांचा वापर केला तरी टाळता येत नाहीत.