जुन्या रिव्हॉल्व्हरचा निळा रंग

सॅम्युएल कोल्ट या अमेरिकन संशोधकाने १८३६ साली फिरत्या नळकांड्याच्या रिव्हॉल्व्हरचे पेटंट घेतले. त्याच्या कारखान्याचे १८५१ सालचे ‘नेव्ही’ हे मॉडेल विशेष गाजले. सुस्थितीतील मूळ नग आज फार महाग असल्यामुळे इटलीतील गार्डोने या गावी त्याच्या प्रतिकृती तयार होतात. त्यांची मापे मुळाशी जुळतात. तरीही जाणकार माणूस प्रतिकृती चटकन ओळखतो. कशावरून? मुख्यतः रंगावरून! म्हणून काही हौशी लोक प्रतिकृतीचा रंग उतरवून तिला मूळचे रूप देण्याचा प्रयत्न करतात.

रंग येतो कोठून?

मूळ रिव्हॉल्व्हरची नळी निळी असे. पण तिला कोणी निळा रंग फासलेला नसे. चकचकीत पोलाद तापवले, की त्याचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर बसतो. हा थर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. काही प्रकाश थराच्या वरच्या पृष्ठभागावरून परत फिरतो, तर काही खालच्या धातूवरून. हे दोन्ही तरंग एकत्र येताना काही रंग एकमेकांना नष्ट करतात व उरलेले आपल्याला दिसतात. यालाच व्यतिकरण म्हणतात. साबणाच्या फुग्यावरचे रंग असेच निर्माण होतात. थर अगदी पातळ असताना कमी तरंगलांबीचा निळा प्रकाश नष्ट होतो, म्हणून पोलाद पिवळसर दिसते. थर वाढला की पिवळा-तांबडा प्रकाश नष्ट होऊन निळा उरतो.

कोल्टचे कारागीर नळी आरशासारखी घासून कोळशाच्या भट्टीत तापवीत. आजच्या कारखान्यांत बहुधा कॉस्टिक सोडा व नायट्रेट यांच्या सुमारे १४० अंश सेल्सिअसच्या द्रावणात भाग बुडवतात. त्यामुळे थर काळपट येतो. फरक पडतो तो येथेच.

रिव्हॉल्व्हरच्या सांगाड्यावरचे निळे-करडे-तपकिरी ढग वेगळ्या रीतीने येतात. सांगाडा हाडांच्या व चामड्याच्या कोळशात पुरून लालबुंद तापवीत आणि एकदम पाण्यात टाकीत. कार्बन पृष्ठभागात शिरल्याने वरची कातडी कठीण होई व आतला भाग चिवट राही. आपला लोहार विळ्याला पाणी देतो, त्यातलेच हे तत्त्व. रंगांचे ढग ही त्या प्रक्रियेची केवळ खूण होय.

नव्यासारखे की जुन्यासारखे?

कारखान्यातून बाहेर पडताना मूळ रिव्हॉल्व्हर झळाळत असे. दीडशे वर्षांत हाताळून त्याचा निळा रंग झिजला, ढग फिके पडले आणि ते करडे-तपकिरी झाले. काही हौशी लोक हे दुसरे रूप पसंत करतात. ते कारखान्याचा काळा थर सौम्य आम्लाने उतरवतात, लाकडी मुठीचे चकचकीत व्हार्निश काढून तिला जवसाचे तेल चोळतात आणि कडा घासून झीज दाखवतात.

येथे एक प्रश्न उभा राहतो. काळाचे काम चार दिवसांत करता आले, तर बनावट वस्तू ओळखायची कशी? इटलीत प्रत्येक नगाची जादा दारू भरून चाचणी होते व त्यावर वर्षदर्शक अक्षरांचा ठसा मारला जातो. प्रामाणिक हौशी तो ठसा पुसत नाही. कोणी तो पुसलाच, तर धातूच साक्ष देतो. जुन्या घडीव लोखंडात मळीचे तंतू सूक्ष्मदर्शकातून दिसतात. आधुनिक पोलादात ते नसतात. क्ष-किरणांच्या साहाय्याने त्यातील मिश्रधातूंचे घटकही कळतात. रंग वरवरचा असतो, पण अंतर्रचना बदलणे अवघड.

करून पाहा

एक जाड पोलादी दाभण बारीक पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा. शिक्षकांच्या देखरेखीखाली ते चिमट्यात धरून त्याचे टोक स्पिरिटच्या दिव्यावर तापवा. टोकापासून रंगांचे पट्टे सरकताना दिसतील. सुमारे २३० अंशांना गवती पिवळा, २८० ला जांभळा आणि ३०० ला निळा रंग येतो. सर्वांत पुढे कोणता पट्टा सरकतो आणि का, याचे उत्तर वरील माहितीवरून तुम्हीच शोधा.