थांबलेल्या सायकलवर

गणेशोत्सवात मंडळाच्या स्पर्धांची यादी लागते तेव्हा लिंबू-चमचा आणि संगीत खुर्चीच्या खाली अजूनही बऱ्याच ठिकाणी ‘स्लो सायकल’ असते. फक्कीने आखलेले अरुंद पट्टे, प्रत्येक पट्ट्यात एक सायकलस्वार. जो सगळ्यांत शेवटी पोहोचेल तो पहिला, आणि पाय टेकला की बाद. ही स्पर्धा जिंकणारी मुलं नीट बघावीत. ती नुसती हळू चालवत नाहीत, मधेच चक्क थांबतात. पुढचं चाक तिरकं, दोन्ही पेडल जमिनीला समांतर, अंग सीटवरून उचललेलं, आणि सायकल जागच्या जागी डोलत उभी.

माउंटन बाइकवर पुढचं चाक उचलणं, मागचं उचलणं, दोन्ही चाकं हवेत घेऊन दगडाच्या पलीकडे जाणं या सगळ्या कसरतींची सुरुवात या थांबण्यातून होते. आमच्या भागातल्या मुलांना आणि हौशी आईबाबांना मी हे शिकवतो. व्हिडिओ बघून आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी उडी मारायची असते. माझा आग्रह उलटा असतो: आधी थांबायला शिका. थांबता आलं की सायकल अंगाखाली कशी हलते ते कळतं, आणि ते कळल्यावर उडी आपोआप नाही, पण लवकर येते.

चालती सायकल पडत का नाही, या प्रश्नाने शास्त्रज्ञांना शंभराहून अधिक वर्षं गुंतवून ठेवलं आहे. चाकं भोवऱ्यासारखी फिरतात म्हणून ती उभी राहते, असं पुस्तकांत छापलं जायचं. 2011 साली डेल्फ्ट आणि कॉर्नेल विद्यापीठांतल्या संशोधकांनी एक विचित्र छोटी सायकल बनवली. तिच्या चाकांचा भोवरा-परिणाम उलट्या फिरणाऱ्या चाकांनी रद्द केला होता. ढकलून दिल्यावर ती तरीही स्वतःचा तोल सांभाळत गेली. म्हणजे एकट्या भोवऱ्याला श्रेय देऊन भागत नाही. सायकल ज्या बाजूला कलते त्या बाजूला तिचं पुढचं चाक वळतं आणि पडणाऱ्या वजनाखाली परत टेकू येतो, ही यातली मुख्य गोष्ट. वेग असतो तोवर यातलं बरंचसं काम सायकल स्वतः करते. वेग संपला की ते सगळं आपल्यावर येतं.

थांबलेल्या सायकलवर टेकू सरकवायचा कसा? पुढचं चाक सरळ असेल तर सायकल फक्त पुढे-मागे जाते आणि तोल तर डाव्या-उजव्या बाजूला जातो. म्हणून चाक तिरकं ठेवायचं. ते डावीकडे वळलेलं असताना सायकल किंचित पुढे गेली की पुढच्या चाकाचा टेकू डावीकडे सरकतो, किंचित मागे आली की उजवीकडे. पुढे-मागे होण्याचं रूपांतर असं डाव्या-उजव्यात होतं. स्लो सायकलवाल्या मुलांना हे गणित कुणी सांगितलेलं नसतं, पण त्यांच्या पायांना ते माहीत असतं.

सायकलच्या जगात याला ट्रॅक स्टँड म्हणतात, कारण व्हेलोड्रोमच्या, म्हणजे सायकल शर्यतींच्या खास ट्रॅकवरच्या, स्प्रिंट शर्यतीत हे डावपेच म्हणून वापरलं जातं. पुढच्या स्वाराला वारा कापावा लागतो आणि मागचा त्याच्या आडोशाने ताकद राखून ठेवतो. म्हणून पुढे राहायची कुणाचीच तयारी नसते आणि दोघेही ट्रॅकवर थांबतात. 1968 मध्ये इटलीतल्या वारेसे इथे बियांकेत्तो आणि पेत्तेनेल्ला हे दोन स्प्रिंटर एक तासाहून जास्त वेळ असे उभे राहिले होते. पुढे नियम करून अशा थांबण्याला मर्यादा घालावी लागली. ट्रॅकच्या सायकलला फ्रीव्हील नसतं, पेडल उलटं फिरवलं की ती मागे येते. माउंटन बाइकवर पेडल उलटं फिरवून काहीच होत नाही, म्हणून मागे येण्यासाठी आपल्याला जमिनीची मदत घ्यावी लागते.

त्यासाठी हलकासा चढ शोधा. सोसायटीच्या पार्किंगमधून बाहेर येणारा उतार उलट्या बाजूने चढ असतोच, फक्त वाहनं नसतील अशी वेळ निवडा. सीट अगदी खाली घ्या. हलका गिअर टाका, पण पेडल मारताना पाय निसटेल इतका हलका नको. पायांना विचारून बघा, कुठला पाय पुढे ठेवायला बरं वाटतं ते. डावा पाय पुढे असेल तर चाक डावीकडे वळवावं. याचं कारण साधं आहे: चाक डावीकडे वळलं की त्याची मागची बाजू उजवीकडे येते, म्हणजे पुढे असलेल्या डाव्या पायाच्या बोटांना ते घासत नाही. आता चालण्याच्या वेगाने चढावर या, उभे राहा, चाक वळवा आणि पुढच्या पेडलवर एवढाच दाब ठेवा की सायकल मागे घसरू नये. तोल डावीकडे जातोय असं वाटलं की दाब थोडा वाढवा. उजवीकडे जातोय असं वाटलं की दाब सोडा, चढ सायकलला मागे आणेल. ब्रेकवर प्रत्येकी एक बोट असू द्या, पण ब्रेक करकचून धरू नका. गच्च धरलेला ब्रेक टेकू हलू देत नाही आणि माणूस खांबासारखा आडवा होतो.

नजर पुढच्या चाकावर नको. दोन-तीन मीटर पुढे जमिनीवरचा एखादा डाग धरावा. गुडघे आणि कोपरं सैल असावीत, म्हणजे अंगाला वर जागच्या जागी राहता येतं आणि सायकल खाली डोलू शकते. सुरुवातीला दोन सेकंद मिळतात, मग अचानक एके दिवशी पाच-सहा. त्या दिवशी चेहऱ्यावर जे येतं ते बघण्यासाठी मी पुनःपुन्हा पार्किंगमध्ये उभा राहतो.

आता सायकलबद्दल थोडं. दोन्हीकडे सस्पेंशन असलेली स्वस्त सायकल दिसायला भारी असते, पण या कामाला ती अडचणीची. तुम्ही मारलेला प्रत्येक जोर तिची स्प्रिंग गिळते आणि वजन उचलणं जिवावर येतं. मागे सस्पेंशन नसलेली, ॲल्युमिनियमच्या फ्रेमची जुनी सायकल पुष्कळ झाली. पुढच्या फोर्कला लॉक असेल तर सुरुवातीला तो लावून टाका. पेडल सपाट आणि पकड असलेली हवीत, बुटांना अडकणारी नकोत. अडकवलेल्या बुटांनी मागचं चाक सहज वर येतं, त्यामुळे खरी युक्ती शिकायचीच राहून जाते, आणि पडताना पाय सुटला नाही तर मनगटावर येतं. पण पकडीच्या पिनांची पेडल निसटली की नडगीची सालपटं काढतात, तेव्हा नडगीला गार्ड, गुडघ्याला पॅड, हातात मोजे आणि डोक्यावर हेल्मेट हवंच. हँडलचे बोल्ट, चाकांचे नट, ब्रेकची वायर हे सगळं दर वेळी हाताने तपासायचं. हवा नेहमीपेक्षा थोडी कमी चालते, ट्यूब असलेल्या टायरमध्ये 30 पीएसआयच्या आसपास. फार कमी केली तर धक्क्याला रिम थेट जमिनीवर येते आणि ट्यूबला शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात. पंक्चरवाल्याने पाण्यात ट्यूब बुडवली आणि दोन ठिकाणांहून बुडबुडे आले तर कारण हवा कमी हेच समजा.

पुढचं चाक उचलणं सोपं आहे, फक्त हातांनी उचलायचं नाही. आधी कोपरं आणि गुडघे वाकवून अंगाचा भार खाली दाबायचा. सायकल टायरवर दबते, उसळी देते, आणि त्याच क्षणी कंबर मागे आणि खाली न्यायची, हात सरळ ठेवून. आपलं वजन मागे गेलं की हँडल वर येतं. मागचा ब्रेक बोटाखाली असावा, सायकल फारच मागे आली तर तो हलकेच दाबल्यावर पुढचं चाक लगेच खाली येतं. हे ब्रेकचं काम आधी अंगवळणी पाडावं, मग धीर वाढतो.

मागचं चाक उचलणं मात्र लोकांना चकवतं. पाय पेडलला बांधलेला नसताना सायकल पायाबरोबर वर येईल कशी? टाच उचलून बोटं खाली रोखा, म्हणजे तळवा पेडलच्या मागच्या बाजूला दाब देऊ लागतो. आता पाय मागे आणि वर खेचा, जणू पेडलला मागून उकरताय. त्याच वेळी हँडल किंचित पुढे ढकला. सायकल या दोन जोरांमध्ये चिमटीत सापडते आणि तिचं मागचं चाक सुटतं. संथ सरळ चालत असताना दहा-पंधरा सेंटिमीटर जरी उचललं तरी पुरे.

या दोन्हींना जोडलं की बनी हॉप होतो. हा प्रकार बीएमएक्सवाल्यांकडून माउंटन बाइककडे आला. त्यात सायकलला उडी मारायला लावायची नसते. उडी आपण मारायची, सायकल आपल्या मागून येते. जॉगिंगच्या वेगाने या, पेडल आडवी ठेवा. वाका. कंबर मागे खाली नेऊन पुढचं चाक उचला. आता मागे न राहता उभे व्हा, इतके की कंबर हँडलपाशी आली पाहिजे. बाजूने पाहणाऱ्याला कंबरेची वाट इंग्रजी ‘एल’सारखी दिसते, आधी मागे आणि मग थेट वर. सर्वांत उंचीवर पोहोचलात की हँडल पुढे ढकला आणि पायांनी पेडल मागून उकरा. पुढचं चाक खाली यायला लागतं आणि मागचं वर येतं, त्याच क्षणात सायकल अडथळ्यावरून पलीकडे जाते. उतरताना गुडघे-कोपरं मऊ ठेवायची.

यात सगळ्यांची एकच जागा अडते. पुढचं चाक उचलल्यावर लोक मागेच बसून राहतात, उभे होत नाहीत. मग मागचं चाक जमिनीला चिकटून राहतं आणि पुढचं धाडकन आपटतं. आमच्याकडे सातवीतली एक मुलगी रोज विचारायची, “काका, आधी हात की आधी पाय?” मी तिला सांगितलं, “बाळा, आधी कंबर.” मग एका रविवारी तिला सायकल बाजूला ठेवायला लावली. दोन्ही पायांवर वाकून, हात पुढे करून उंच उडी मारायला सांगितली. तिने मारली, आणि मीही तिच्याबरोबर. “आता हीच उडी, फक्त हातात हँडल.” ती सायकलवर बसली, पुढचं चाक उचललं, आणि या वेळी खरंच उभी झाली. जमिनीवर आडवी टाकलेली पाण्याची नळी दोन्ही चाकांनी न चिरडता पार केली. आवाज आला नाही, म्हणून तिला विश्वास बसेना. तिने उतरून नळीवरची ओली माती बघितली, तिच्यावर टायरची खूण नव्हती.

अडथळा म्हणून नळी, दोरी, रिकामा पुठ्ठ्याचा खोका घ्यावा. वीट किंवा कठडा नंतर. जे चिरडलं तरी चालतं त्यावरून माणूस मोकळ्या मनाने उडी मारतो. पावसाळा संपून मैदानावरचं गवत वाळू लागतं ते दिवस या सरावाला उत्तम, जमीन मऊ असते पण चिखल नसतो.

जागच्या जागी उड्या मारणं ही यापुढची पायरी. ट्रॅक स्टँडमध्ये स्थिर व्हा, दोन्ही ब्रेक दाबा, वाकून दोन्ही चाकांनिशी छोटी उडी घ्या. टायर उसळी देतो, त्याच तालावर पुढची उडी. तोल जाणार असेल तर त्या बाजूला उडी मारायची, म्हणजे टेकू परत अंगाखाली येतो. याच उडीत हळूहळू आडवं सरकता येतं, आणि फूटपाथच्या कडेवर चढता येतं.

या सगळ्याचा खेळ झाला तो स्पेनमधल्या कॅटालोनियात. तिथे मोटारसायकल ट्रायलचा मोठा नाद. खडक, ओढे, तुटके कडे यांवरून पाय न टेकता मोटारसायकल न्यायची. पेरे पी हा तिथला नावाजलेला स्वार 1970च्या दशकात हेच डाव लहान मुलांना सायकलवर शिकवू लागला, इंजिनाशिवाय. त्याचा मुलगा ओट पी पुढे सायकल ट्रायलचा जगज्जेता झाला. आज यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या जागतिक स्पर्धांत 20 इंची आणि 26 इंची चाकांचे वेगळे गट असतात. ऑलिंपिकमध्ये मात्र हा खेळ नाही. ट्रायलच्या सायकलींना सीट बहुधा नसतेच, फ्रीव्हील पुढच्या दातेरी चक्राला असतं. अनेक जण रिमब्रेकची पकड वाढावी म्हणून रिम ग्राइंडरने खरबरीत करून घेतात, आणि मग ब्रेक लावला की सायकल किंचाळते.

ट्रायलची कसरत माउंटन बाइकवर लोकप्रिय केली ती हान्स रे याने, 1980च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीहून कॅलिफोर्नियाला जाऊन. आणि ती घराघरांत पोहोचवली डॅनी मॅकआस्किलने. स्कॉटलंडच्या स्काय बेटावर वाढलेला हा मुलगा एडिनबरात सायकलच्या दुकानात मेकॅनिक होता. एप्रिल 2009 मध्ये आलेल्या त्याच्या व्हिडिओत तो टोकदार लोखंडी कुंपणाच्या वरच्या पट्टीवरून सायकल नेतो. त्याच्या आधी तो तिथून पडतो, आणि ते पडणंही त्या व्हिडिओत ठेवलेलं आहे. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी आधी पडण्याचाच तो भाग दाखवतो. तो सायकल सोडून देतो आणि पायांवर उतरतो, हे बघा म्हणतो. हँडल धरून बसणारा जास्त लागवून घेतो. म्हणून सायकल सोडून पायावर उतरण्याचाही सराव गवतावर मुद्दाम करावा.

आपल्याकडे या कसरती कुठे उपयोगी पडतात? शहरात, पावसाने खणलेल्या खड्ड्यावरून, जिथे मागून वाहन येत असल्याने बाजूला वळता येत नाही. पण सगळ्यांत जास्त टेकड्यांवर आणि घाटातल्या पायवाटांवर. मुरमाड उतार, मधेच काळा खडक, पाण्याने कापलेला ओघळ. ओघळावर बनी हॉप, खडकावर पुढचं चाक. आणि आखूड वळण असेल, जिथे सायकल एका दमात वळत नाही, तिथे आधी ट्रॅक स्टँडमध्ये थांबायचं. पुढचा ब्रेक धरायचा, चाक वळणाच्या दिशेला ठेवायचं, पाय मागे खेचून मागचं चाक उचलायचं आणि कंबर फिरवून ते वळणाच्या बाहेरच्या अंगाला टाकायचं. एका उडीत जमलं नाही तर दोन. सायकलचं तोंड वाटेकडे झालं की ब्रेक सोडायचा.