ॲरिस्टॉटल, मालगुंडचे दामले आणि मराठी वाक्य

मालगुंडचे नाव निघाले की केशवसुत आठवतात, आणि ते योग्यच आहे. 1866 साली जन्मलेल्या या कवीचे घर तिथे जपलेले आहे, कोकण मराठी साहित्य परिषदेने उभारलेले स्मारकही आहे. पण त्याच दामले घराण्यातले धाकटे बंधू मोरो केशव मागे राहून जातात, याची मला खंत वाटते. उज्जैनच्या माधव कॉलेजात इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकवलेल्या मोरोपंतांनी 1911 साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा दांडगा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि 1913 साली ते गेले. ॲरिस्टॉटलचे मराठीवरचे ऋण शोधायला निघालेला अभ्यासक सहसा शोकांतिकेच्या चर्चेकडे वळतो. माझ्या मते ते ऋण व्याकरणाच्या तासाला अधिक खोल रुजलेले आहे, आणि त्यातले दाणे कोणते, फोलपटे कोणती हे पाखडून पाहायचे तर मोरोपंतांच्या ग्रंथाकडे यावे लागते.

ॲरिस्टॉटल (इ.स.पू. 384 ते 322) वैयाकरण नव्हता. विधान खरे की खोटे हे कसे ठरते, एवढाच त्याचा प्रश्न होता. त्यासाठी त्याने विधान कशाविषयी आणि त्याविषयी काय, असे वाक्य उकलले आणि ‘आरोग्य’ हे नाम, पण ‘निरोगी आहे’ यात काळही आला म्हणून ते क्रियापद, असा भेद केला. विंदा करंदीकरांनी 1957 साली मराठीत आणलेल्या त्याच्या काव्यशास्त्रातले विसावे प्रकरणही वर्ण, नाम, क्रियापद, विभक्ती यांचेच आहे. शोकांतिकेच्या ओढीने वाचणारे ते ओलांडून पुढे जातात. पुढे अलेक्झांड्रियाच्या डायोनिसियस थ्रॅक्सच्या नावावरील व्याकरणात शब्दांच्या आठ जाती आल्या. लॅटिनला उपपद नव्हते, तेव्हा रोमनांनी उद्गारवाचक शब्दाला वेगळी जागा देऊन आठ हा आकडा राखला. इंग्रजीत विशेषण नामापासून सुटे झाले. त्याच इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर दादोबा पांडुरंगांनी 1836 साली मराठीचे व्याकरण रचले आणि नाम, सर्वनामापासून केवलप्रयोगीपर्यंतच्या आठ जाती आपल्या पाटीवर आल्या. संस्कृत परंपरेत यास्काने चार जाती मानल्या होत्या. पाणिनीला पदाच्या दोनच पुरल्या. म्हणजे आठ हा आकडा मराठीच्या पोटातून आलेला नाही.

आता एक साधे वाक्य घ्या: ‘मला ताप आला.’ क्रियापद ‘ताप’ या शब्दाच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. थंडी असती तर ‘आली’ झाले असते. विधान कशाविषयी, या ॲरिस्टॉटलच्या प्रश्नाला शाळेतले उत्तर येते, ‘तापाविषयी’. पण अंथरुणावर पडलेला माणूस तापाची माहिती देत नसतो, स्वतःचे सांगत असतो. ‘मुलाने पोळी खाल्ली’ यात करणारा मुलगा, क्रियापद मात्र पोळीच्या मागे. ‘आईने मुलाला उठवले’ यात तर ते कोणाच्याच मागे नाही. इथे पाणिनीच्या परंपरेतली कारके आणि कर्तरी, कर्मणी, भावे हे प्रयोग कामी येतात, कारण तिथे कर्ता कोण हे क्रियेवरून ठरते. मराठी व्याकरणाची खरी ओढाताण इथेच आहे: वाक्य मांडायला ग्रीक चौकट आणि क्रिया समजून घ्यायला संस्कृत. गंमत अशी, की या ग्रीक चौकटीच्या दोन भागांना आपण दिलेले ‘उद्देश्य’ आणि ‘विधेय’ हे शब्द वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांचे. तिथे उद्देश्य म्हणजे आधीच ठाऊक असलेले, विधेय म्हणजे नव्याने सांगायचे. त्या अर्थाने ‘मला’ हे उद्देश्य आणि ‘ताप आला’ हे विधेय, हा उलगडा मनाला पटतो. आपण शब्द मीमांसेचा घेतला आणि काम मात्र ग्रीकांचे सांगितले.

मग हे परके ओझे टाकूनच का देऊ नये? हा आक्षेप मला अर्धाच मान्य आहे. आठ जातींची यादी ही ॲरिस्टॉटलची शिकवण नव्हेच, ती नंतरच्या शिक्षकांची सोय होती. त्याची शिस्त निराळी: आधी पूर्वसूरींची मते मांडायची, ती तपासायची, मग वर्गीकरण कोणत्या तत्त्वावर केले ते उघड सांगायचे. मोरोपंतांच्या ग्रंथात नेमके हेच दिसते. ते आधीच्या मराठी वैयाकरणांची मते समोर ठेवतात, त्यांच्याशी वाद घालतात आणि मगच आपला निर्णय देतात. यावर कोणी म्हणेल, हा तर आपलाच पूर्वपक्ष आणि सिद्धान्त, त्याला ग्रीसचे नाव कशाला? खरे आहे, ती शिस्त एकट्या ग्रीसची नव्हे. पण मोरोपंतांपुढे जो पूर्वपक्ष होता, त्याचा मोठा भाग इंग्रजी व्याकरणाच्या वाटेने आलेला होता. तो नाकारायला किंवा स्वीकारायला त्याची मुळे ओळखणे भाग होते, आणि त्यासाठी तत्त्वज्ञानाचा अध्यापक घरचाच मिळाला हे मराठीचे भाग्य.

कृ. श्री. अर्जुनवाडकरांनी 1970 साली या ग्रंथाची संपादित आवृत्ती काढली. त्याआधी 1964 मध्ये अरविंद मंगरूळकरांनी मराठी व्याकरणाचा पुनर्विचार मांडला होता. तरी शाळेत आठ जाती अजून पाठ होतात. त्यातली सहावी, शब्दयोगी अव्यय, ग्रीकांकडे नामाच्या आधी येत असे. आपल्याकडे ती नामाला मागून चिकटते. ‘झाडाखाली’ यातले ‘खाली’ अव्यय म्हणावे, तर ‘खालून’ आणि ‘खालचा’ लगेच दारात उभे राहतात.