अंघोळीचं गणित

राजगड उतरून खाली आलो तेव्हा सहाही जणांच्या पायांचे तुकडे पडले होते. डोक्यात एकच विचार, गरम पाणी! मुक्कामाला वेल्ह्याच्या बाजूचं एक छोटं फार्महाऊस होतं. (2024 मध्ये राज्य सरकारने तालुक्याला ‘राजगड’ नाव द्यायला मंजुरी दिली, पण ट्रेकर मंडळींच्या तोंडी अजून वेल्हेच.) तिथे गीझर नव्हता. होता एक 1500 वॅटचा हीटिंग रॉड आणि रिळावर गुंडाळलेलं 30 मीटरचं एक्स्टेन्शन.

अर्धा तास झाला तरी पहिली बादली कोमटच. रॉड गेला की काय? ग्रुपमधल्या बाइकवेड्याच्या बॅगेतून मल्टिमीटर निघाला. बोर्डावर आकडा आला 180 व्होल्ट. आपल्याकडे घरात 230 असायला हवेत.

मग काय, 50 व्होल्टच तर कमी! इतका फरक पडतो?

दहावीचा फंडा

पडतो. जॉर्ज ओहम या जर्मन शिक्षकाने 1827 मध्ये मांडलेला नियम आठवा. व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रेझिस्टन्स. आणि व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे पॉवर, अर्थात वॅट. बस्स, एवढंच.

आता रॉड घ्या. त्यावर छापलेले 1500 वॅट 230 व्होल्टसाठी असतात. 1500 भागिले 230, म्हणजे साडेसहा अँपिअर करंट. 230 भागिले 6.5, म्हणजे रेझिस्टन्स साधारण 35 ओहम. हा रेझिस्टन्स रॉडच्या आतल्या तारेचा. व्होल्टेज उतरलं तरी तो जवळपास तेवढाच राहतो. मग 180 व्होल्टवर करंट किती? 180 भागिले 35, जेमतेम 5.1 अँपिअर. आणि पॉवर? 180 गुणिले 5.1, म्हणजे 920 वॅटच्या आसपास.

गंमत बघा. व्होल्टेज 22 टक्क्यांनी उतरलं, पॉवर मात्र जवळजवळ 40 टक्क्यांनी. कारण व्होल्टेजसोबत करंटही घसरतो आणि दोन्हींचा गुणाकार होतो. 18 लिटरची बादली 20 अंशांवरून 45 वर न्यायला 1500 वॅटला 21 मिनिटं पुरतात, 920 वॅटला 34 लागतात. सहा जणांची अंघोळ दोन तासांवरून थेट साडेतीन तासांवर!

मधले 50 व्होल्ट गेले कुठे? तारेत. ट्रान्सफॉर्मरपासून घर जितकं लांब, तितका तारेचा रेझिस्टन्स जास्त. त्यात संध्याकाळी सगळ्यांचे दिवे, पंप एकदम सुरू झाले की करंट वाढतो आणि वाटेतच व्होल्टेज खर्ची पडतं. डोंगरात विखुरलेल्या वस्त्यांच्या शेवटच्या टोकाला हे जास्त जाणवतं.

आयडिया अंगाशी

‘दुसरा रॉड लावू, लवकर होईल!’ आमच्यातलाच एक सुपीक डोक्याचा म्हणाला. घरात दुसरा रॉड सापडलाही. त्याच एक्स्टेन्शनवर लावला. दहा मिनिटांत जळकट वास. राखणदार काकांनी धावत येऊन मेन स्विच पाडला. रिळाला हात लावला तर चटका बसला.

हिशोब नंतर केला आणि घाम फुटला. एक्स्टेन्शनची वायर 0.75 चौरस मिलिमीटरची, म्हणजे बारीक. जाऊन-येऊन 60 मीटर तांबं, रेझिस्टन्स सुमारे दीड ओहम. एका रॉडला त्या वायरीत 35-40 वॅटची उष्णता तयार होत होती. दोन रॉड लावल्यावर करंट जवळपास दुप्पट, 9.4 अँपिअर. उष्णता मात्र दुप्पट नाही, जवळजवळ चौपट! तब्बल 135 वॅट. करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स, हाच तो फॉर्म्युला. 100 वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बला हात लावून बघितलाय कधी? त्याहून जास्त उष्णता त्या गुंडाळलेल्या रिळात कोंडली होती.

आणि एमसीबी? तो पडलाच नाही. तो 16 अँपिअरचा. त्याच्या लेखी 9.4 म्हणजे काहीच नाही. तो भिंतीतल्या वायरिंगची राखण करतो, आपण जोडलेल्या बारीक वायरीची नाही.

शेवटी काकांनी अंगणातला तांब्याचा बंब पेटवला. व्होल्टेजची भानगडच नाही!

दुसऱ्या दिवशी परतताना मुद्दाम वाट वाकडी करून भोरला गेलो. भाटघर धरणाच्या पायथ्याशी 16 मेगावॅटचं जलविद्युत केंद्र आहे. आता सवयच लागली होती, म्हणून लगेच भागाकार केला. पूर्ण क्षमतेने चाललं तर साधारण साडेदहा हजार रॉड! एवढी वीज लांब न्यायची तर व्होल्टेज हजारोंनी चढवतात. तेवढीच पॉवर, पण करंट कमी, म्हणून तारेतली उष्णताही कमी. आम्ही केलं नेमकं उलटं.

पुढच्या वीकेण्डला निघण्याआधी

• उपकरणावरचे वॅट भागिले 230 करा, अँपिअर मिळतील. 6 अँपिअरचा पॉइंट 1380 वॅटपर्यंत, 16 अँपिअरचा 3680 पर्यंत. आमचा एक रॉडही छोट्या पॉइंटला जास्तच होता.

• रॉड, इस्त्री, इंडक्शन एक्स्टेन्शनवर नकोच. थेट मोठ्या पॉइंटला लावा.

• रिळाची वायर कमी लोडलाही पूर्ण उलगडूनच वापरा.

• रॉडचा प्लग काढल्याशिवाय बादलीत बोट नाही. पाणी कोमट असो की कढत!