एकच प्रश्नपत्रिका

परीक्षा ही गुणवत्तेची कसोटी आहे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. सर्वांना एकच प्रश्नपत्रिका, एकच वेळ आणि तपासणीची एकच पद्धत. मग त्यात अन्याय कसला? परंतु सर्वांना एकच प्रश्नपत्रिका देणे आणि सर्वांना समान संधी देणे, या दोन्ही गोष्टी एकच आहेत काय? आपल्या गोंदिया जिल्ह्यातील मुले देतात अशा दोन परीक्षांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावा, असे मला वाटते.

1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ग्रामीण भागातील हुशार मुलांसाठी निवासी नवोदय विद्यालयांचा पुरस्कार केला. त्याआधी प्रायोगिक स्वरूपात निघालेल्या पहिल्या दोन विद्यालयांपैकी एक आपल्या विदर्भात, अमरावती जिल्ह्यात होते. आपल्या जिल्ह्याचे विद्यालय नवेगावबांधला आहे. पाचवीतील मुलांची परीक्षा घेऊन सहावीसाठी जास्तीत जास्त 80 मुले निवडली जातात.

या परीक्षेची रचना पाहण्यासारखी आहे. 80 प्रश्न, 100 गुण, 2 तास. त्यांपैकी 50 गुण मानसिक क्षमतेचे असून त्या भागात शब्द जवळजवळ नसतातच. वेगळी आकृती ओळखा, आरशातील प्रतिमा शोधा, अपुरी आकृती पूर्ण करा, असे ते प्रश्न असतात. उरलेले 25 गुण अंकगणिताचे व 25 भाषेचे. सालेकसा-देवरीकडील ज्या मुलाच्या घरी गोंडी बोलली जाते, त्याच्यावर निदान अर्ध्या गुणांपुरता तरी पुस्तकी मराठीचा भार पडत नाही. शिवाय किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात, मुलींसाठी एकतृतीयांश जागांची तरतूद आहे आणि अनुसूचित जाती-जमातींसाठीही राखीव जागा आहेत. ही परीक्षा एकदाच देता येते; त्यामुळे ऐपतवाल्याला मुलाचे वर्ष खर्ची घालून पुन्हा बसविता येत नाही. म्हणजे समतेचा विचार या परीक्षेच्या नियमांतच आहे.

तथापि, परीक्षेच्या खोलीत दिसणारी समता दाराबाहेर टिकत नाही. 80 प्रश्नांना 120 मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. गावाकडील पाचवीच्या काही मुलांबरोबर मी जुन्या प्रश्नपत्रिका सोडविल्या. पहिल्या दिवशी मुले अडत ती आकृतीपाशी नव्हे. नेमके विचारले काय आहे, हेच त्यांना उमगत नसे. चार-पाच प्रश्नपत्रिका झाल्यावर तीच मुले भराभर उत्तरे देऊ लागली. आठ दिवसांत त्यांची बुद्धी वाढली नव्हती. सराव वाढला होता. शिकवणीला जाणाऱ्या मुलाला हाच सराव वर्षभर मिळतो. त्यातच अर्ज ऑनलाइन भरायचा, दाखले जोडायचे आणि मुदत पाळायची. ज्या घरात हे कोणाला ठाऊक नाही, तेथील मूल नापास होत नाही. ते परीक्षेपर्यंत पोहोचतच नाही.

दुसरी परीक्षा आठवीची. 2008 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती योजनेत निवड झालेल्या विद्यार्थ्यास नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. शासकीय, अनुदानित आणि स्थानिक संस्थांच्या शाळांतील, साडेतीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील मुलांसाठीच ती आहे. नवोदय मुलाला गावाबाहेर नेते; ही शिष्यवृत्ती त्याला आपल्याच शाळेत टिकविते. शाळा सोडून मजुरीला जाण्याच्या वयात हा आधार लहान नव्हे. पण अर्ज आणि सराव यांची अडचण येथेही तीच आहे.

1905 साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी थिओडोर सिमॉन यांच्या साहाय्याने बुद्धिमापनाची चाचणी तयार केली. कोणत्या मुलांना शिक्षणात अधिक साहाय्य लागेल हे ओळखणे, हा तिचा मूळ हेतू होता. आपण मात्र चाचणीकडे चाळणी म्हणूनच पाहतो. 80 जणांची यादी लागली की उरलेल्यांच्या गुणांकडे कोण पाहतो? एखाद्या केंद्रातून एकही अर्ज आला नाही, तर तो मुलांचा दोष नसून आपल्याला मिळालेली सूचना आहे.

सबब, परीक्षा रद्द करणे हा उपाय नव्हे. ती गेली तर जागा ओळखीवर व शिफारशीवर जातील आणि गरिबाचे एकुलते दारही बंद होईल. परीक्षेपूर्वीची विषमता मात्र कमी करता येते. प्रत्येक शाळेत जुन्या प्रश्नपत्रिकांचा सराव व्हावा आणि अर्ज शाळेनेच भरून द्यावेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी आपण दरवर्षी खेड्यात जातो. रस्ता झाडून झाल्यावर सायंकाळी पाचवीच्या आणि आठवीच्या मुलांना घेऊन दोन तास बसलो, तर त्याला कोणत्याही निधीची गरज लागणार नाही.